अवघड जागेचं दुखणं : पुरुषांच्या सोनोग्राफीविषयी प्रस्तावना

बीड जिल्ह्यात सोनोग्राफीचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गर्भवती बाई उभी राहते, आणि तिच्या मागोमाग 2011 च्या जनगणनेतला एक आकडा. शून्य ते सहा वर्षं वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली 807. राज्यातलं ते सर्वांत कमी प्रमाण होतं. दहा वर्षं आधी, 2001 साली, हाच आकडा 894 होता. 2012 मध्ये परळी वैजनाथचं गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राकडे लोक संशयाने बघू लागले. पुढे 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या आपल्याला कर्करोगाची भीती घातली गेली, असं त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं.

थोडक्यात, या जिल्ह्यात सोनोग्राफीच्या यंत्राने बायकांच्या पोटात फार डोकावून पाहिलं, आणि अनेकदा ते पाहणं प्रामाणिक नव्हतं. त्याच यंत्राने पुरुषाच्या अवघड जागेच्या दुखण्यात काय दिसतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. गड्याच्या अंडाला सूज आली, गोळी दुखू लागली, मूल होईना, लघवी अडखळू लागली, तर तो महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही. सांगितलंच तर आधी मित्राला, मग औषधाच्या दुकानदाराला, मग गुप्तरोगाची पाटी लावलेल्या माणसाला. जिथे दहा-पंधरा मिनिटांत, काही न टोचता, किरणोत्सर्गाशिवाय उत्तर मिळू शकलं असतं, तिथे तो सगळ्यांत शेवटी पोचतो.

हे पुस्तक त्या तपासणीविषयी आहे. वृषण, त्याला चिकटलेली अधिवृषण नलिका, शुक्ररज्जू, अंडकोश, शिश्न आणि प्रोस्टेट या अवयवांची रचना ध्वनिलहरींतून कशी दिसते, कोणत्या आजारात काय बदलतं आणि त्या चित्रावरून काय ठरवावं, काय ठरवू नये, हे इथे मराठीत सांगितलं आहे. वाचक म्हणून समोर दोन माणसं आहेत. एक, तालुक्याच्या गावी सेवा देणारा डॉक्टर. दुसरा, ज्याला हे दुखणं आहे तो स्वतः, किंवा त्याची आई, बायको, शिक्षक. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: या जिल्ह्यात हे यंत्र पुरुषांकडे वळलं पाहिजे, आणि वळताना जो प्रामाणिकपणा बायकांच्या वाट्याला आला नाही तो सोबत घेऊनच वळलं पाहिजे.

या यंत्राचा जन्म खोट्या भीतीचं निरसन करण्यातून झाला, हे इथे आवर्जून सांगायला हवं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. धातूमधल्या भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरलं जाणारं ध्वनितंत्र त्यांनी माणसाच्या पोटावर लावून पाहिलं. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. जठराचा असाध्य कर्करोग म्हणून जिची आशा सोडली होती अशा एका बाईच्या पोटात त्यांना पाण्याने भरलेली मोठी गाठ दिसली. ती बीजकोशाची निघाली, शस्त्रक्रियेने काढली गेली आणि बाई वाचली. पाणी आणि मांस यांतला फरक ओळखणं हे या तंत्राचं पहिलं बळ, आणि ते आजही तसंच आहे. 1974 मध्ये टोरांटोच्या मिस्किन आणि बेन यांनी वृषणाच्या तपासणीसाठी ही पद्धत वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर तंत्र जोडलं गेलं आणि या तपासणीला खरी धार आली.

यामागचं तत्त्व सोपं आहे. हातातल्या प्रोबमधले स्फटिक विजेच्या झटक्याने कंप पावतात आणि कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी शरीरात सोडतात. या लहरी ऊतींच्या सीमांवर आपटून परततात आणि तेच स्फटिक त्यांचं पुन्हा विजेत रूपांतर करतात. द्रवातून काहीच परत येत नाही, म्हणून तो पडद्यावर काळा दिसतो. मांस राखाडी दिसतं. खडा किंवा चुना पांढरा दिसतो आणि त्याच्या मागे सावली पडते. लहरींची वारंवारता जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण खोली कमी. पोटासाठी साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. वृषण कातडीच्या अगदी लगत असल्यामुळे तिथे 7 ते 15 मेगाहर्ट्झचा सरळ प्रोब चालतो. म्हणूनच शरीरातल्या फार थोड्या अवयवांचं चित्र वृषणाइतकं स्वच्छ मिळतं. ज्या अवयवाला लपवण्यात आपण सगळी शक्ती घालवतो, तोच या यंत्राला सर्वांत सहज दिसतो.

निरोगी वृषण पडद्यावर अंडाकार, एकसारखा राखाडी दिसतो. लांबी साधारण चार ते पाच सेंटिमीटर, आतून एक पांढरी रेघ गेलेली. ही रेघ म्हणजे गाठ नव्हे. नलिका आणि रक्तवाहिन्या ज्या पट्टीतून आत-बाहेर जातात ती ही जागा. नवख्या तपासनीसाने ती ओळखली नाही तर धडधाकट माणसाला घोर लागतो. भोवती चमचाभर पाणी असणंही नेहमीचंच. डावी बाजू थोडी खाली लोंबते, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हेही आजाराचं लक्षण नाही. एक गोष्ट विसरू नये: वृषण गर्भात मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि आपली रक्तवाहिनी व नसा सोबत घेऊन खाली उतरतात. म्हणूनच मुतखड्याची कळ थेट वृषणात उतरते. वृषण दुखतोय म्हणून आलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावरून प्रोब फिरवायला एक मिनिट लागतं. ते मिनिट नेहमी द्यावं.

या पुस्तकातल्या सगळ्या आजारांत जो सर्वांत तातडीचा आहे त्यावर थोडं थांबू. वृषणाचा पीळ. ज्या शुक्ररज्जूला वृषण लोंबतो तो चऱ्हाटाला पीळ बसावा तसा स्वतःभोवती फिरतो आणि रक्त अडतं. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत हे सर्वांत जास्त होतं, बऱ्याचदा झोपेत. अचानक जीवघेणी कळ, मळमळ, उलटी. कधी मुलगा फक्त पोट दुखतंय एवढंच सांगतो. पहिल्या सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचतो. बारा तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते आणि चोवीस तासांनंतर क्वचितच उरते. डॉपलरवर दुखऱ्या बाजूचा रक्तप्रवाह नाहीसा झालेला किंवा मंदावलेला दिसतो, आणि रज्जूवरून प्रोब नेला तर भोवऱ्याची खूण दिसते.

आता हे सहा तास बीड जिल्ह्यात मोजून पाहा. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी फडावर, कोपीत. मुलगा शाळेसाठी गावात राहतो, आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. रात्री दोन वाजता त्याला कळ येते. चौदा वर्षांचा मुलगा आजीला काय सांगणार? तो पोट आवळून सकाळ करतो. सकाळी गावातला डॉक्टर पोटदुखीचं इंजेक्शन देतो. दुपारी उलट्या थांबत नाहीत म्हणून त्याला तालुक्याला नेतात. तिथे कुणी त्याची चड्डी उतरवून पाहिलं तर पाहिलं. तोवर वेळ संपलेली असते. या गोष्टीत खलनायक कुणीच नाही. लाज आहे, अंतर आहे आणि अज्ञान आहे. तिन्हींवर इलाज आहे. शाळेतल्या शिक्षकाने आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाने मुलांना एकदा स्पष्ट सांगावं की गोळी अचानक दुखू लागली तर रात्रीच उठवायचं, सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरने पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा अंडकोश तपासावा. आणि लक्षणं स्पष्ट असतील तर सोनोग्राफीच्या नंबरासाठी थांबू नये, मुलाला शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवावं. पीळ अर्धवट असेल तर रक्तप्रवाह दिसतही राहतो, त्यामुळे चांगला रिपोर्ट हाती असला तरी शंका असल्यास शल्यचिकित्सकाने उघडून पाहणं योग्य. यंत्राचा महिमा सांगणाऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच हे लिहून ठेवतो, कारण यंत्रासाठी वाट पाहण्यात अवयव गेला तर ते यंत्र नसलेलं बरं.

पिळासारखंच दुखणं जंतुसंसर्गातही होतं, पण तिथे चित्र उलटं असतं. अधिवृषण सुजलेलं असतं आणि रक्तप्रवाह वाढलेला असतो. बहुतेकांना प्रतिजैविकांनी उतार पडतो. उतार पडत नसेल, सूज गाठीगाठींची आणि कमी दुखणारी असेल, अंडकोशाच्या कातडीला छिद्र पडून स्राव येत असेल तर क्षयाचा विचार करावा. क्षय म्हटलं की आपल्याला छाती आठवते. पण तो इथेही येतो आणि सरकारी दवाखान्यातल्या मोफत औषधांनी बरा होतो. मधुमेही माणसाला अंडकोश लाल होऊन दुर्गंधी येऊ लागली, ताप चढला आणि सोनोग्राफीत कातडीखाली हवेचे पांढरे ठिपके दिसले, तर तो कोथ आहे आणि त्याला तासाभराचाही उशीर परवडत नाही.

न दुखणारी सूज हा वेगळा विषय. बीड जिल्ह्यातल्या कष्टकरी पुरुषांत त्याची दोन कारणं सर्वांत जास्त पुढे येतात: हायड्रोसील म्हणजे वृषणाभोवती साचलेलं पाणी, आणि हर्निया म्हणजे अंतर्गळ. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाच्या जांघेवर किती ताण येतो हे वेगळं सांगायला नको. अशा श्रमाने आधीच कमकुवत असलेली भिंत सुटते आणि आतडं खाली येतं. पाणी आणि आतडं यांतला फरक पडद्यावर चटकन कळतो: पाणी काळं आणि स्थिर, आतडं हलतं, खोकल्यावर सरकतं. पण फडावर गेलेला माणूस हंगाम संपेपर्यंत थांबतो, कारण मुकादमाची उचल अंगावर असते. लंगोट घट्ट बांधून तो दिवस काढतो. अंतर्गळ आत जाईनासं झालं, दुखू लागलं, उलट्या झाल्या तर आतड्याचं रक्त अडलंय असं समजावं आणि हंगामाचा हिशेब बाजूला ठेवावा.

हायड्रोसीलचं आणखी एक कारण म्हणजे हत्तीरोग. नांदेड, सोलापूरसह महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत तो आहे आणि तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं प्रमाण इथे मोठं आहे. 1994 मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या संशोधकांनी अंडकोशाच्या लसिका वाहिन्यांत जिवंत कृमी सोनोग्राफीत वळवळताना पाहिले. त्या हालचालीला तेव्हापासून ‘फिलेरियल डान्स’ म्हणतात. रक्तातले जंतू रात्री शोधावे लागतात, हे कृमी मात्र भरदिवसा दिसतात. मराठवाड्यातल्या सोनोग्राफी करणाऱ्याने ही खूण एकदा तरी चित्रफितीत पाहून ठेवावी.

गाठ हा शब्द ऐकला की माणसाचा धीर सुटतो. इथे सोनोग्राफीचं उत्तर फार नेमकं असतं, कारण गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर एवढ्यावरच बरंचसं ठरतं. बाहेरच्या, विशेषतः पाण्याच्या, गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात. आत, मांसल, आजूबाजूपेक्षा काळसर दिसणारी गाठ मात्र कर्करोग मानूनच पुढे जावं लागतं. आपल्या देशात हा कर्करोग विरळा आहे, पण तो पंधरा ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात येतो, बऱ्याचदा दुखत नाही, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. अंडकोशातून सुई घालून तुकडा काढणं इथे टाळतात. शस्त्रक्रिया जांघेतून होते. हे ज्या डॉक्टरला माहीत नाही त्याने हात न लावता रुग्ण पुढे पाठवावा.

लहान मुलांकडे येऊ. पूर्ण दिवसांच्या सुमारे तीन टक्के मुलग्यांत जन्माच्या वेळी एखादा वृषण खाली उतरलेला नसतो. बऱ्याच जणांचा पहिल्या काही महिन्यांत उतरतो आणि वर्षाअखेर सुमारे एक टक्का उरतात. सहा महिन्यांनंतरही उतरला नाही तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. पुढे मूल होण्याची क्षमता आणि कर्करोगाचा धोका, दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे. इथेही सोनोग्राफीवर फार विसंबू नये. अनुभवी हात जास्त सांगतो, आणि पोटात असलेला वृषण सोनोग्राफीत दिसला नाही म्हणजे तो नाहीच असं ठरत नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलं तपासतात. त्या तपासणीत चड्डीखालचं अंग सुटू नये.

काही बाळांच्या बाह्य अवयवांवरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. घाईने एक शिक्का मारला जातो आणि माणूस आयुष्यभर तो वागवतो. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्यात वाय गुणसूत्र आढळलं. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी 2017 मध्ये रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2018 मध्ये शासनाची परवानगी मिळाली आणि मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आपली कहाणी त्यांनी स्वतः धैर्याने लोकांपुढे ठेवली, म्हणूनच ती इथे सांगतो. प्रत्येक अशा बाळाचं कारण वेगळं असतं आणि एकट्या सोनोग्राफीने ते उलगडत नाही. गुणसूत्रांची आणि संप्रेरकांची तपासणी लागते. पण आत गर्भाशय आहे का, जांघेत वृषण आहेत का, हे सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात बरंचसं सांगू शकते. बाळंतपण केलेल्या दवाखान्याने शंका आली तर आईबापांना खरं सांगावं आणि बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवावं. नाव ठेवायला चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

आता मूल न होण्याविषयी. या विषयात आपल्या समाजाने बायकांवर जो अन्याय केला आहे त्याची भरपाई कुठलंही पुस्तक करू शकणार नाही. लग्नाला दोन वर्षं झाली की सून दवाखान्याच्या फेऱ्या सुरू करते. तिच्या सोनोग्राफ्या होतात, रक्ताच्या तपासण्या होतात, उपासतापास होतात. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र कुणी सुचवली तरी घरात वादळ होतं. वास्तविक वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत, असतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि ती पहिली व्हायला हवी. तिच्यात दोष आढळला तर सोनोग्राफी पुढचा रस्ता दाखवते. वृषण लहान आहेत का, शुक्रवाहिनी जन्मतःच नाही का, वीर्याची वाट प्रोस्टेटजवळ कुठे तुंबली आहे का, हे कळतं.

सर्वांत जास्त आढळतं ते व्हेरिकोसील, म्हणजे शुक्ररज्जूतल्या फुगलेल्या शिरा. डाव्या वृषणाची शीर उभी वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून ते बहुधा डावीकडे असतं. तपासताना माणसाला उभं करून जोर करायला सांगतात. शिरांची रुंदी अडीच-तीन मिलिमीटरहून जास्त असेल आणि रक्त उलटं वाहताना दिसलं तर निदान पक्कं. पण सर्वसाधारण पुरुषांपैकीही सुमारे 15 टक्क्यांना ते असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलं होतात. म्हणून फक्त सोनोग्राफीत दिसणारं, हाताला न लागणारं व्हेरिकोसील पाहून कुणी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं.

एस. टी. स्टँडच्या भिंतींवरच्या ‘मर्दानी ताकद’ वगैरे जाहिरातींचा धंदा पुरुषांच्या लाजेवर चालतो. धातू जाते, कमजोरी आली, या भीतीपायी तरुण मुलं हजारो रुपये घालवतात. झोपेत वीर्यस्खलन होणं हा आजार नाही आणि त्यासाठी कुठलीही सोनोग्राफी लागत नाही. ताठरतेची खरी अडचण ज्यांना आहे त्यांच्यासाठी डॉपलर तपासणी आहे. 1985 मध्ये टॉम लू आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत मांडली. औषधाचं इंजेक्शन देऊन शिश्नाच्या धमन्यांतला रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला 35 सेंटिमीटरच्या वर असेल तर पुरवठा चांगला, 25 च्या खाली असेल तर धमन्या अरुंद झाल्याची शंका. अशी शंका आली तर त्या माणसाचं हृदयही तपासलं पाहिजे, कारण जो आजार बारीक धमन्यांत आधी दिसतो तोच पुढे हृदयाच्या धमन्यांत येतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची चौकशी इथूनच सुरू व्हावी. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर ती आणीबाणी आहे, हे रुग्णाला घरी पाठवण्याआधी सांगायलाच हवं.

प्रोस्टेटबद्दल थोडक्यात. पन्नाशीनंतर ही ग्रंथी बहुतेकांत वाढते. रात्री चार वेळा उठणारे आजोबा म्हातारपण म्हणून सोडून देतात. पोटावरच्या सोनोग्राफीत ग्रंथीचं आकारमान आणि लघवी केल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी मोजता येते. या दुसऱ्या आकड्याला आकारापेक्षा जास्त महत्त्व आहे, कारण लघवी तुंबत राहिली तर मूत्रपिंडं खराब होतात. मोठी ग्रंथी असूनही त्रास नसेल तर शस्त्रक्रियेची गरज नसते.

इतकं सांगून मी सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. रिपोर्टमध्ये छापलेला प्रत्येक शब्द आजार नसतो. अधिवृषणातली छोटीशी पाण्याची गाठ, वृषणाभोवतीचं किंचित पाणी, चुन्याचे विखुरलेले ठिपके हे सगळं पुष्कळ निरोगी पुरुषांत सापडतं. बायकांच्या बाबतीत अशाच किरकोळ शब्दांचा बागुलबुवा करून पिशव्या काढल्या गेल्या. पुरुषांच्या बाबतीत तेच होऊ द्यायचं नसेल तर रिपोर्ट देणाऱ्याने शेवटी मराठीत दोन ओळी लिहाव्यात: काय सापडलं, त्याची काळजी करावी का, पुढे कुठे जावं. तपासणीच्या खोलीत पडदा असावा, दार बंद असावं, फक्त लागेल तेवढंच अंग उघडं करावं, जेल गार नसावं. आधी निरोगी बाजू पाहावी, मग दुखरी. दोन्ही वृषणांचं एक एकत्रित चित्र घ्यावं, म्हणजे तुलना होते. तपासणारी डॉक्टर बाई असेल तर रुग्णाला तसं आधी सांगावं आणि त्याला संकोच वाटला तर त्याचा मान ठेवावा. पंधरा वर्षांच्या मुलासमोर हसणारा एक कर्मचारी त्या मुलाला कायमचा दवाखान्यापासून दूर ठेवू शकतो.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म, ही बंधनं बीडसारख्या जिल्ह्याने स्वतःच्या कृत्यांनी ओढवून घेतली आणि ती सैल व्हावीत असं मी म्हणणार नाही. पुरुषाच्या तपासणीला एफ फॉर्म लागत नाही. नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरच्या हातून ही तपासणी आजही बिनधोक होऊ शकते. अडचण कायद्यापेक्षा सवयीची जास्त आहे: ग्रामीण भागातल्या बहुतेक यंत्रांचा दिवस गर्भवतींच्या रांगेत जातो आणि पुरुषांच्या तपासणीचा सराव फार थोड्यांना असतो. सत्तरच्या दशकात खेड्यांसाठी म्हणून अंबाजोगाईत सुरू झालेलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला वृषणाचा पीळ, अंतर्गळ आणि हायड्रोसील पडद्यावर ओळखता यायला हवेत.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. डॉक्टरांनी हे पुस्तक प्रोबजवळ ठेवावं, कपाटात नाही. मुकादमांनी आणि कारखान्यांनी फडावरच्या आरोग्य शिबिरात पुरुषांची तपासणी बायकांच्या तपासणीइतकीच नेमाने करावी. आशाताईंनी घरातल्या सुनेची चौकशी करताना नवऱ्याची वीर्यतपासणी झाली का, हे विचारावं. आईबापांनी मुलाला बारा वर्षं पूर्ण होण्याआधी एवढंच सांगावं: अंगाचा कुठलाही भाग दुखला तर आम्हाला रात्रीही उठव, आम्ही रागावणार नाही. आणि ज्याला हे दुखणं आज आहे त्याने पुस्तक मिटून आधी दवाखाना गाठावा. पुस्तक नंतरही वाचता येईल.